कठडा कोणासाठी?

मागच्या वर्षीच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. सकाळी फिरून परत येत असताना आमच्या वसाहतीतील क्लबहाउसच्या सात पायऱ्या उतरण्यासाठी मी नेहमीप्रमाणे कठड्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याच पायरीवर तळहाताला काहीतरी टणक टोचले. पाहतो तो स्टेनलेस स्टीलच्या त्या गुळगुळीत नळीवर वीतभर अंतराने लोखंडी गुंड्या डकवलेल्या. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना. आदल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे कठडा हा माझ्यासाठी शोभेचा विषय राहिलेला नाही. हात सरकवत सरकवत उतरणे ही माझी गरज आहे. त्या दिवशी मी प्रत्येक गुंडीपाशी हात उचलून, पुढे ठेवून, पुन्हा उचलून उतरलो आणि खाली पोहोचल्यावर सुरक्षा रक्षकास कारण विचारले.

कारण साधे होते. मुले त्या कठड्यावरून स्केटबोर्ड घसरवतात. मोठी दोघे-तिघे पायऱ्यांचा कठडा वापरतात, धाकटी मुले बागेभोवतीचा बुटका पाइप आणि ग्रॅनाइटचे बाक. तक्रारी आल्या, रहिवासी संघाची बैठक झाली, ठराव झाला, आणि तिन्ही ठिकाणी गुंड्या बसल्या. शिवाय दंडाच्या रकमेसह फलक. धाकट्या मुलांमध्ये माझा चौदा वर्षांचा नातू होता, हे रक्षकाने सांगितले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर गुंड्यांनी बाधित झालेले दोन पक्ष समोरासमोर बसले होते. मी नातवाला रागे भरण्याच्या तयारीत होतो, परंतु त्याने आधीच प्रश्न विचारला, "आजोबा, आम्हाला थांबवायचं होतं तर आम्हाला थांबवायचं ना. तुमचा हात कशाला थांबवला?" तीस-बत्तीस वर्षे शासकीय सेवेत घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही, हे येथे नमूद करतो.

संघाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. स्केटबोर्ड म्हणजे चार लहान चाकांची लाकडी फळी. चाकांची प्रत्येक जोडी ज्या धातूच्या आसावर बसविलेली असते त्यास ट्रक म्हणतात. धावत्या फळीसकट उडी मारायची, ट्रक किंवा फळीचे पोट एखाद्या दांड्यावर टेकवायचे आणि तोल सांभाळत शेवटापर्यंत घसरत जायचे. ट्रकवर घसरले तर ग्राइंड, फळीच्या पोटावर घसरले तर स्लाइड. घसरण सुलभ व्हावी म्हणून दांड्यावर मेण चोळतात. ट्रक बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्यामुळे स्टीलवर करडे पट्टे उमटतात. ते एक वेळ दिसण्यापुरतेच. पण मेण लावलेला कठडा वृद्धाच्या हातातून निसटतो. आठवून पाहता त्या आधीच्या महिन्यात माझाही हात एकदा निसटला होता, आणि ते मेण माझ्याच घरातील देव्हाऱ्याशेजारच्या खणातून गेलेले होते. तेव्हा तक्रार रास्त होती. प्रश्न उपायाचा होता.

प्रशासनात हा प्रसंग फार जुना आहे. एखादी वस्तू ज्यासाठी बांधली त्याहून वेगळ्या कामासाठी लोक ती वापरू लागले की आपण त्याला गैरवापर म्हणतो. गैरवापर बंद करण्याचा आदेश एका दिवसात निघतो. त्या वापरामागे एखादी न पुरविलेली गरज आहे काय, हे तपासण्यास मात्र नस्तीवर रकानाच नसतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. एडमंड बेकन हे १९४९ ते १९७० अशी एकवीस वर्षे त्या शहराच्या नियोजन आयोगाचे कार्यकारी संचालक होते. शहराच्या मध्यभागी एका चौकाची कल्पना त्यांनी विद्यार्थिदशेतच मांडली होती. तो चौक पुढे १९६५ मध्ये झाला आणि 'लव्ह पार्क' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि कट्टे स्केटबोर्ड खेळणाऱ्यांना इतके मानवले की जगभरातून मुले तेथे येऊ लागली. नगरपालिकेने बंदी घातली. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये बेकन त्या चौकात आले, डोक्यावर हेल्मेट चढवले आणि दोन्ही बाजूंनी आधार घेऊन, बंदी मोडून, स्वतः स्केटबोर्डवर उभे राहिले. वय ९२ वर्षे. ज्याने जागा आखली त्यानेच, ती आपण न कल्पिलेल्या कामासाठी वापरली जाते याचा आनंद मानावा, हे औदार्य आमच्या सेवेत मी क्वचित पाहिले. बंदी अर्थातच उठली नाही. २०१६ मध्ये तो चौक उखडून नव्याने बांधण्यास घेतला गेला. त्यातील काही ग्रॅनाइट पुढे स्वीडनमधील माल्मो शहरात नेऊन स्केटबोर्डच्याच जागेत बसविला गेला. एका शहराचा उपद्रव दुसऱ्या शहराने भाडे भरून नेला म्हणावयाचे.

दुसरी गंमत अशी की १९८० च्या दशकात मार्क गोन्झालेस व नाटास काउपस यांच्यासारख्या तरुणांनी रस्त्यावरील जिन्याच्या कठड्यांवर जे सुरू केले, तेच २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये 'स्ट्रीट' या प्रकारात पदकासाठी आले. महिलांचे सुवर्ण जपानच्या मोमिजी निशियाने जिंकले, वयाच्या तेराव्या वर्षी. त्या स्पर्धेसाठी काय बांधले होते? पायऱ्या, कठडे आणि कट्टे. म्हणजे महापालिका जेथून हाकलते त्या जागेची हुबेहूब नक्कल.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. २०१३ मध्ये बेंगळुरूतच 'होलीस्टोक्ड' या स्केटबोर्ड खेळणाऱ्या तरुणांच्या गटाने, लीव्हाइस कंपनीच्या साहाय्याने आणि देशोदेशींहून आलेल्या स्वयंसेवकांच्या श्रमांतून, स्केटपार्क उभारले होते. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार या आदिवासी वस्तीच्या गावी उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी काँक्रीटचे स्केटपार्क बांधले. तेथे दोनच नियम ठेवले, शाळेत न जाणाऱ्यास स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. त्या गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. दोन नियमांत एवढे काम करणारी शासकीय योजना मला तरी आठवत नाही.

असो. नातवाला मी म्हटले, "कठडा सोडा, तुम्हाला वेगळा दांडा करून देऊ." आणि कागद-पेन घेऊन बसलो. सवयीप्रमाणे पाऊण पानाचे विनिर्देश लिहिले. स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचे, गोल नळी, आरशासारखे पॉलिश, उंची ९० सेंटिमीटर, लांबी सहा मीटर, पाया काँक्रीटचा. नातवाने ते वाचले, हसला नाही, फक्त विचारले, "यातलं काय काय आम्हाला विचारून लिहिलंत?"

येथे मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात काम करीत असताना मार्च महिन्याच्या अखेरीस क्रीडा साहित्याचा निधी शिल्लक होता. माझ्या सहीने काही शाळांसाठी मल्लखांब खरेदी झाले. निविदेत मी आवर्जून 'उत्कृष्ट पॉलिश केलेले' असे घातले होते, कारण मागील वर्षीचे लाकूड खडबडीत असल्याचे कोणीतरी म्हटले होते. पुरवठादाराने व्हार्निशचे तीन हात दिलेले, चकचकीत खांब पाठविले. मल्लखांबावर एरंडेल चोळतात आणि ते लाकडात मुरावे लागते, हे ज्याने कधी खांबाला मिठी मारली आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते. व्हार्निशवर तेल मुरेना, घामाने पकड सुटू लागली, आणि एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीत काचेच्या तुकड्यांनी खरवडून खरवडून खांब उघडा केला. पुढील लेखापरीक्षणात 'पॉलिश काढून शासकीय मालमत्तेचे नुकसान केल्याचे' त्यांच्यावर आक्षेप आला. तो आक्षेप मी निकाली काढला खरा, परंतु विनिर्देश चुकीचे होते असे त्या नस्तीवर मी लिहिले नाही. तेव्हा ते सुचले नाही असे म्हणणे सोयीचे आहे. सुचले होते.

म्हणून या वेळी कागद फाडला आणि मुलांनाच बोलावले. पाच जण आले. त्यांनी केलेली चाचणी पाहून मला माझ्या सर्व पथदर्शी प्रकल्पांची आठवण झाली. बांधकामावरून मागून आणलेला एक पाइप त्यांनी विटांच्या दोन ढिगाऱ्यांवर ठेवला. तीन विटा, मग चार, मग पाच. प्रत्येक उंचीवर प्रत्येकाने दहा-दहा उड्या मारल्या. पाच विटांवर तिघे पडले, तीन विटांवर मोठ्यांना कंटाळा आला. चार विटा म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर, ही उंची ठरली. माझ्या ९० सेंटिमीटरच्या दांड्यावर पाचांपैकी कोणीही चढू शकले नसते. उतरणीचा कठडा आणि सपाट जमिनीवरचा दांडा या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मला तेव्हा उमगले.

मग आकार. गोल नळीवर ट्रक टेकवला की तो दोन्हीकडे घरंगळू पाहतो, चौकोनी नळीची धार त्याला धरून ठेवते. शिकणाऱ्यांसाठी चौकोनी बरी, असे एकमत झाले. स्टेनलेस स्टील महाग, आणि कठड्यांसाठी मिळणारी नळी बहुधा पातळ पत्र्याची असते, फळीच्या दणक्याने तिला पोचे पडतात. तेव्हा साधे लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, ५० बाय ५० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. हे सर्व मुलांना इंटरनेटवरून ठाऊक होते. मला एवढेच ठाऊक होते की लोखंडी नळी बाजारात सहा मीटरच्या लांबीत मिळते, आणि उरलेल्या तुकड्याचे पैसे आपणच भरतो. तेव्हा आकडेमोड माझ्याकडे आली. दांडा तीन मीटर. तीस सेंटिमीटरचे तीन पाय, नव्वद सेंटिमीटर. प्रत्येक पायाखाली साठ सेंटिमीटरचा आडवा तुकडा, एक मीटर ऐंशी. एकूण पाच मीटर सत्तर, वाया जाणार तीस सेंटिमीटर. या हिशेबावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. सेवेत असताना एवढी दाद एकाही अंदाजपत्रकाला मिळाली नव्हती.

दांडा करून घेण्यासाठी आम्ही होसकोटे गावात गेलो. नाव कन्नडमधील, अर्थ 'नवा कोट'. बेंगळुरू, होसकोटे, कोलार हा मुलूख १६३८ च्या मोहिमेनंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होता, हे येथे येणाऱ्या मराठी माणसाला कोणीतरी सांगतेच. मला अधिक जवळचा वाटतो तो येथून जाणारा रस्ता. हाच जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. क्रमांक बदलले, पण पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर करीत जो रस्ता माझ्या निम्म्या नोकरीतून गेला तोच बेळगाव, हुबळीवरून येथे पोहोचतो आणि पुढे कोलारकडे जातो. आता त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामे, कारखाने आणि लोखंडकामाची दुकाने आहेत.

आम्ही ज्या दुकानात गेलो त्याचे मालक दख्खनी बोलणारे. ती भाषा मराठी माणसाला परकी वाटत नाही. त्यातला 'नक्को' आणि शब्दाला चिकटणारा 'च' आपलेच आहेत. त्यांना प्रथम वाटले की आम्हाला चपला ठेवण्याचा स्टँड हवा आहे. नातवाने भ्रमणध्वनीवर चित्रफीत दाखविली. ती त्यांनी दोनदा पाहिली, मग स्वतः खाली वाकून जमिनीपासून हाताने उंची दाखवत विचार करू लागले. त्यानंतर ज्या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या त्या ना मुलांच्या यादीत होत्या ना माझ्या. नळीला एका बाजूने लांबच्या लांब जोडाची रेघ असते, ती खाली ठेवायची, नाहीतर फळी अडकेल. उघडी टोके सुरीसारखी असतात, त्यांवर पट्टी जोडून ग्राइंडरने कडा मारायच्या. टोकाचे पाय अगदी टोकाला न देता वीतभर आत द्यायचे, म्हणजे चढताना पायाला ठोकर लागणार नाही. आणि रंग? मी रंगाचा विषय काढताच ते म्हणाले, "पेंट नक्को साब, दो दिनमेंच निकल जाता." मला तो मल्लखांब आठवला. मी गप्प बसलो.

वजन भरले चोवीस किलो. आवाजाची शंका मात्र मी काढली, कारण संघाच्या बैठकीत तीच पहिली निघणार हे मला माहीत होते. पोकळ नळीवर फळी आपटली की घंटेसारखी वाजते. त्यावर त्यांनी नळीत कोरडी वाळू भरण्याचे सुचविले. वाळू ओली राहिली तर आतून गंज धरेल म्हणून पत्र्यावर ती भाजून घेतली. वाळूने आणखी नऊएक किलोंची भर पडली, दांडा जागचा हलेनासा झाला, आणि घंटेचा आवाज ठोकळ्याचा झाला. सर्व मिळून साडेतीन हजार रुपये लागले. गुंड्यांचा खर्च संघाच्या हिशेबात अठरा हजार दाखविला आहे.

बैठकीचे वृत्त थोडक्यात देतो. अपघात झाला तर जबाबदार कोण, हा प्रश्न योग्य होता. पालकांची लेखी संमती व हेल्मेटची अट आम्ही आधीच लिहून नेली होती. उद्या कोणी घोडा पाळण्याची परवानगी मागेल, असेही एक गृहस्थ म्हणाले. असे गृहस्थ प्रत्येक बैठकीत असतात. निर्णायक ठरल्या त्या माझ्याहून वयाने मोठ्या एक निवृत्त शिक्षिका. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी उजव्या हाताचा तळवा टेबलावर उताणा ठेवला. गुंडीवर आपटून झालेली जखम अजून भरलेली नव्हती.

ठराव झाला तो असा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रामागील मोकळ्या फरशीवर तीन महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर दांडा ठेवावा, वेळ दुपारी चार ते सात. कठड्यावर मेण आढळल्यास परवानगी रद्द. आणि गुंड्या? त्या काढाव्यात की काढू नयेत यावर पाऊण तास चर्चा झाली. दोन्ही बाजूंचे समाधान व्हावे म्हणून एका बाजूच्या काढाव्यात, दुसऱ्या बाजूच्या पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत ठेवाव्यात, असे ठरले. अशी तडजोड मीही अनेकदा सुचविली आहे, त्यामुळे हरकत घेण्याचा मला फारसा अधिकार नव्हता. घेतली, ती इतिवृत्तात आलेली नाही. सभा अजून झालेली नाही. मी उतरताना उजवा हात वापरतो आणि चढताना त्याच कठड्यावर डावा.

दांड्याला पहिल्या पावसाळ्यात बाजूंनी तांबूस गंज चढला. वरची बाजू मात्र रोजच्या घासण्याने काळसर चकचकीत झाली आहे. तीन महिन्यांची मुदत दोनदा वाढली. कठड्यावर मेण सापडलेले नाही, आणि देव्हाऱ्याशेजारच्या मेणबत्त्या मी मोजून ठेवणे सोडले आहे.

गुंड्या उतरविण्यासाठी होसकोट्याचे तेच दुकानदार ग्राइंडर घेऊन आले होते. सोबत त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. काम संपल्यावर ते त्याला शोधत केंद्रामागे आले तेव्हा तो माझ्या नातवाच्या फळीवर उभा होता आणि दोन मुलांनी त्याचे हात धरले होते. वडिलांनी त्याला हाक मारली नाही. खिशातून टेप काढला, दांड्याची उंची आणि पायांमधले अंतर पुन्हा मोजले, आणि खडू मागितला. दुकानाच्या भिंतीवर हे माप लिहून ठेवायचे होते. मी म्हटले, खडू कशाला, माझ्याकडे कागदावर आहे, देतो. ते म्हणाले, "कागज गुम जाता साब."